शेगडी, खिडकी आणि आमच्या नर्सबाई

म्हसळ्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, ते दिवस एकोणीसशे तीसच्या आसपासचे. औषधं महिनाअखेरीला संपायची, किस्से मात्र साठत जायचे! त्यातले निम्मे आमच्या सुशीला नर्सबाईंचे. अशा बाईंबरोबर काम केलं, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

*

तेव्हा बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी असायची. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या. बाई आल्या की आधी खिडकी उघडायच्या. आमचे डॉक्टर म्हणायचे, "बाई बाळाच्या आधी खिडकीला भेटतात."

*

बंद खोलीतल्या शेगडीतून विष निघतं, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, "धूर न्हाय, मग इख कसलं?"

बाईंनी शेगडी अंगणात आणली. पसरलेले निखारे नुसते लाल दिसत होते. वर कोळशाचा ढीग रचला, तशी माथ्यावर निळी ज्योत नाचू लागली. बाईंनी समजावलं, की भरपूर हवा मिळाली तर कोळसा पुरता जळतो. हवा कोंडली की अर्धवट जळतो आणि विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. इथे तो वर येऊन निळा जळतोय. बंद खोलीत तो न जळताच साठतो; आधी डोकं दुखतं आणि मग माणूस झोपेतच प्राण सोडतं.

पुढे म्हातारा येईल त्याला निळी ज्योत दाखवत बसायचा. शेवटी सून म्हणाली, "मामंजी, आता भात शिजू द्या की."

*

काही घरांत बाईंची पाठ वळली की खिडकी बंद! मग बाई वळणावरून परत यायच्या. "छत्री विसरले वाटतं." छत्री काखेतच असायची.

*

खाडीपलीकडच्या राधाक्काची थोरली सून बाळंतपणात, बंद खोलीतच दगावली होती. धाकटी बाळंत झाली, तेव्हा राधाक्काने खोली आणखी घट्ट लिंपली आणि बाईंना पडवीतच अडवलं. "येक सून वाऱ्यानं नेली. दुसरी न्हाय देनार."

बाईंनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "थोरलीचं डोकं दुखायचं का हो?"

"व्हय. सारखं."

"आणि हिचं?"

राधाक्का आत गेली. सून डोकं गच्च धरून पडली होती. राधाक्का बाहेर आली ती पहार घ्यायला. त्या खोलीला खिडकीच नव्हती. बाईंनी शेगडी उचलून अंगणात नेली, तोवर राधाक्काने कुडाच्या भिंतीवर पहार चालवली होती. शेजारीण धावत आली, भिंत का फोडतेस म्हणून ओरडू लागली.

राधाक्काचा हात थांबला नाही. "थोरलीनं मला सांगितलं व्हतं गो, डोकं दुखतंय म्हनून."