सुनेशी बोलण्यापुरती नामं

इंग्रजी शिकवलेलं महिन्याभरात उडून जातं, किस्से मात्र साचत राहतात. माझ्याकडे तर रिटायर झाल्यावर जास्त साचले! शाळा सुटली म्हणून मी सुटले असं वाटत होतं, तेवढ्यात वालावलची सुमनकाकी दारात हजर.

तिच्या मुलानं, उदयनं, बंगळुरात केरळची मुलगी केली. तिला मराठी येत नाही, आणि काकीची हिंदी फक्त काकीलाच कळते. मे महिन्यात सून पहिल्यांदा घरी येणार होती.

"टीचर, माका इंग्लिश शिकवा. सुनेवांगडा मीच बोलतलंय. झिलान, उदयान, मधी तोंड घालूचा नाय!"

असा काकीच्या पडवीत आमचा वर्ग सुरू झाला. काकी आणि मासे विकणारी शेवंती, अशा दोन विद्यार्थिनी. सुरुवात नाउनपासून.

*

पहिला धडा प्रॉपर नाउन. म्हटलं, "एखाद्या ठरावीक माणसाचं नाव. काकी, तुमच्या मिस्टरांचं सांगा."

काकी लाजली. शेवंती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी आपली मास्तरकीच्या जोरात, "अहो, सांगा ना!"

काकी उठून आत गेली, लाइटबिल घेऊन आली आणि नावावर बोट ठेवलं. "ह्या बगा. तुमीच वाचा!"

*

मग कलेक्टिव्ह नाउन. माशांच्या थव्याला 'शोल' म्हणतात, असं मी सांगितलं.

शेवंतीला ते अजिबात पटलं नाही. "समुद्रात आसतला शोल. माझ्या पाटीत इलो की वाटो! गिऱ्हाईक वाटो मागता, शोल कोण मागता?"

ती रोज मासे विकते, मी रोज विकत घेते. मी फळ्यावर 'वाटो' लिहिला.

*

अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन म्हणजे जे दिसत नाही, हाताला लागत नाही. "उदाहरण द्या."

"लायट!" शेवंती ओरडली. "दोन दिवस दिसूक नाय!"

काकी मात्र हसली नाही. "टीचर, काळजी ह्याच्यात इली?"

"आली. वरी."

"मगे ता हाताक लागता," काकी म्हणाली आणि छातीवर हात ठेवला. "सुनेक आमचा घर आवाडला नाय तर?"

मी फळा पुसून त्यांना चहा करायला लावला.

*

व्हर्ब मे महिन्यात घेऊ, असं मी ठरवलं होतं. सून आदिरा एप्रिलातच आली! काकीजवळ नुसती नामं.

पण बाई डगमगली नाही हो! सकाळी, "बाथ! हॉट वॉटर! टॉवेल!" दुपारी माशाच्या प्रत्येक घासाला, "बोन! बोन!" ती मुलगीही समुद्रकाठचीच. काटे असे साफ करून ठेवले की घरचं मांजर नाराज झालं.

उदयनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईनं डोळे वटारले.

*

चौथ्या दिवशी गाडी दारात आली. निरोप द्यायला मीही गेले होते. आदिरा काकीच्या पाया पडली आणि गोड हसून म्हणाली, "अम्मा, आय अ‍ॅम गोइंग."

तेवढं काकीला समजलं, आणि चेहराच उतरला. आमच्याकडे निघताना कुणी 'जातंय' म्हणतं? 'येतंय' म्हणायचं! माणूस परत यावं म्हणून!

उदय पुढे झाला. "आई, मी सांगतंय तिका..."

"तू गप रव!"

काकीनं माझ्याकडे पाहिलं. मला माझ्या सिलॅबसची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग काकीनं पायरीवरच्या आदिराच्या सँडल उचलल्या, आत नेल्या आणि आपल्या चपलांशेजारी ठेवल्या. बाहेर येऊन स्वतःच्या कोऱ्या चपला तिच्या पायांपुढे मांडल्या. आतल्या सँडलकडे बोट दाखवून म्हणाली, "सँडल... हाउस."

आदिरानं सँडलकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं. चपला पायात घातल्या. काकीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि आपल्या भाषेत म्हणाली, "पोयिट्टु वराम्, अम्मा."

"आई, ती म्हणता..." उदय सांगायला लागला.

"गप रव रे! 'येतंय' म्हणता ती. माझी सून आसा, माका समाजता!"