कदमतालात न बसणारं गाणं

आम्ही तिघं भेटलो की घरातली माणसं आधीच उठून आत जातात. तेच ते किस्से, म्हणतात. आता काय करणार? बँड दोन वर्षं चालला, गाणी झाली पाच-सहा, किस्से मात्र अजून वाढतायत.

*

दिल्या गायचा आणि गिटार वाजवायचा, सुन्या ड्रमवर, मी बेसवर. नव्वदच्या दशकात सांगलीत बँड म्हटलं की लोक विचारायचे, "वरात किती वाजता काढणार?" कवठे महांकाळच्या एका पाहुण्यांनी तर आम्हाला खरंच लग्नाला बोलावलं. सुन्याचा ड्रमसेट बघून म्हणाले, "हे समदं गळ्यात कसं अडकवणार रं?"

*

पुण्याच्या एका स्पर्धेला कॅसेट पाठवायची होती. अट एकच, तीन गाणी आणि तिन्ही वेगळ्या ढंगाची. इकडे दिल्याचे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन आलेले. साताऱ्याच्या भरतीचा कागद त्यांनी खिशातच ठेवला होता. "कॅसेटीत दम न्हाई दिसला तर सोमवारी मैदानात पळायचं."

दिल्याला फौजेत जायचंच नव्हतं. त्याला चैन पडेना. सकाळी ठरवलेली गाण्यांची यादी दुपारी फाडायचा. सुन्याला तर तिन्ही गाणी दणदणीत हवी होती. "हळू गाण्यात मी काय करू? घाम पुसत बसू?"

शेवटी एक दणदणीत, एक संथ आणि एक आमच्या बोलीतलं, असं ठरलं.

*

कुपवाडला सुन्याच्या मामाच्या शेडमध्ये टेपवर गाणी भरली. शेजारी पत्र्याचे वॉशर कापणारी प्रेस दिवसभर धप्प धप्प चालायची. आम्हाला ती ऐकूच येईनाशी झाली होती.

आबांना कॅसेट लावून दिली. ते उभे राहिले आणि जागच्या जागी कदमताल सुरू. पहिल्या गाण्याला डावा-उजवा. दुसऱ्याला डावा-उजवा. तिसऱ्यालाही तेच.

"तिन्हीला योकच पाय बसतोय. येगळं काय हाय ह्यात?"

पुन्हा ऐकलं तर खरंच की. संथ गाणंसुद्धा त्याच ठेक्यात निघालं होतं. दोन महिने सुन्या त्या प्रेसच्या ठोक्यावर वाजवत होता.

"मला वाटलं, मी लय पक्का झालोय," सुन्या म्हणाला. मला हसू येत होतं.

*

मग गाणी पुन्हा भरायला प्रेस बंद असलेला रविवार गाठला. सुन्यानं काठ्या उचलल्या आणि तसाच बसून राहिला.

"सुरू कर की," मी म्हणालो.

"कुठनं करू? ठोकाच न्हाई."

दिल्याचा पाय मात्र काळजीनं सारखा हलत होता. कधी भरभर, कधी थबकून. सुन्या त्या पायाकडं बघत वाजवायला लागला.

*

त्याच संध्याकाळी आबांपुढे पुन्हा कॅसेट. दिल्या नखं खात दारात उभा. पहिल्या गाण्याला आबांचा पाय झपाझप पडला. दुसऱ्याला सावकाश. तिसऱ्याला डावा पाय वर गेला आणि तिथंच राहिला.

"आवं आबा, पाय टेका की," सुन्या म्हणाला.

"कुठं टेकू? जागा तर घावू दे."

गाणं संपेपर्यंत आबा भिंतीला हात लावून एका पायावर उभे. मग खाली बसले, खिशातला भरतीचा कागद काढला, उलटा केला आणि दिल्यापुढे सरकवला.

"गाण्यांची नावं ह्याच्यावर लिव्ह. घरात दुसरा कोरा कागद न्हाई."