दोरीवरचा जांभळा स्वेटर

पहाटेच्या प्रार्थनेला जाताना आमोस शिनगारेला खिडकीतून मागचं अंगण दिसलं. दोरीवर एक जांभळा स्वेटर आणि एक जीन्स वाळत होती. दोन्ही त्याचीच. पाच वर्षांपूर्वी हेच कपडे घालून तो मठाच्या फाटकातून आत आला होता.

त्याचे पाय जागीच थांबले.

ग्रेटर नोएडाच्या पुढे, गव्हाच्या शेतांना लागून हा छोटा कॅथलिक मठ आहे. नव्यानं आलेल्याला इथे पांढरा झगा मिळतो. त्याचे बाहेरचे कपडे ट्रंकेत जपून ठेवतात. उद्या परत जावंसं वाटलं, तर अंगावर घालायला असावेत म्हणून. मागच्या हिवाळ्यात एका ब्रदरचे कपडे असेच दोरीवर दिसले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी त्याची जागा रिकामी होती.

आता आपण, आमोसला वाटलं.

तसं वाटायला कारण होतं. आमोसला मठातच राहण्याचं आजन्म व्रत घेऊ द्यायचं की नाही, यावर आदल्याच दिवशी मठवासीयांनी मतदान केलं होतं. निकाल त्याला कळला नव्हता. आणि त्याआधी तो स्वतःच मठाच्या प्रमुख फादरांपुढे खरं बोलून बसला होता. "फादर, मी रोज मौनात बसतो, पण काहीच होत नाही. नुसता बसून असतो." फादर म्हणाले होते, "बैठते रहो." बस, एवढंच.

कुणाला विचारावं, तर न्याहारीपर्यंत मौन.

आमोस दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला. घर मूळचं जालन्याकडचं. शिकला, नोएडात कंपनीत लागला. एका सुट्टीत चार दिवस शांत बसायला म्हणून मठात आला, आणि मग दर सुट्टीत येऊ लागला. शेवटी नोकरी सोडली तेव्हा आई आठवडाभर बोलली नाही. स्वेटर घेऊन दिला तो मुनिरकाच्या संघपालनं, कॉलेजच्या मित्रानं. "यार, जांभळाच घे. तिथून पळालास तर लांबून दिसशील." संघपालच्या घरी रोज बुद्धवंदना. ध्यानाचं त्याला नवल नव्हतं. मित्र कायमचा चालला याचं होतं.

प्रार्थनागृहात सगळे डोळे मिटून बसले. प्रत्येकानं एक छोटा शब्द धरलेला असतो. मन भरकटलं की त्या शब्दाकडे परत यायचं. आमोसचा शब्द होता 'ये'. त्या सकाळी तो 'ये' म्हणायचा आणि दोरीवरचा स्वेटर यायचा. मेट्रो यायची. आईचा चेहरा यायचा, आनंदलेला. ती आनंदेल यात शंकाच नव्हती.

मग त्याच्या लक्षात आलं की घरी जाण्याच्या विचारानं आपल्याला मुळीच बरं वाटत नाहीये. त्याला इथेच बसायचं होतं. काही होत नसलं तरी. नुसतं बसून असणं, ज्याची त्याला लाज वाटत होती, तेच हवं होतं. आणि तेच आता जाणार होतं.

'ये' म्हणायचं राहूनच गेलं. घंटा झाल्याचं त्याला कळलं नाही. शेजारच्यानं बाही ओढली.

न्याहारी होताच तो मागच्या अंगणात गेला. कपड्यांची व्यवस्था ब्रदर शांतारामांकडे. म्हातारे, संगमनेरचे. मठात मराठी बोलणारे हे दोघंच.

"ब्रदर, हे माझे कपडे ना?"

"मग कुणाचे? मला होतील का ते?"

"मला कधी निघायचंय?"

"कुठं?"

"बाहर. घरी."

शांतारामांनी हातातला कपडा खाली ठेवला. "फादर काही बोलले नाहीत तुला?"

"नाही."

"मग मी बोललो असं सांगू नकोस. सगळ्यांनी होकार दिलाय. राहतोयस तू."

आमोस पायरीवर बसला. वर बघत म्हणाला, "मग धुतले कशाला?"

"आजन्म व्रताच्या आधी धुवायचे, वाळवायचे, कडुनिंबाचा पाला घालून परत ट्रंकेत. तू आल्यापासून कुणी ते व्रत घेतलं नाही, तुला कुठून ठाऊक असणार? कुबट वास मारत होता तुझा स्वेटर."

"परत ट्रंकेत? व्रतानंतरपण?"

"मरेपर्यंत. इथं दार कुणी बंद केलंय? माझी बेलबॉटम आहे अजून. घालून निघालो तर लोक तिकीट काढून बघतील."

आमोस हसला. डोळे पुसून पुन्हा हसला. "तुम्हाला बिल्कुल फिट होणार नाही ती."

"बसणार नाही म्हण. तुझं मराठीही जरा उन्हात टाकायला हवं."

रविवारी फोन करायची परवानगी असते. आईला आमोसनं व्रताचं सांगितलं. तिथे थंडी फार आहे का, एवढंच ती म्हणाली. नंतर त्यानं संघपालला फोन लावला.

"म्हणजे आता पक्कं?" संघपालनं विचारलं.

"पक्कं."

"आणि स्वेटर?"

"धुऊन ठेवलाय. कायम ठेवतात. कधी परत यावंसं वाटलं तर."



"अच्छा," संघपाल म्हणाला. "मग ठीक आहे."