धुतलेली पैरण

सन १९३९. मी एकवीस वर्षांचा. शाळा दोनच इयत्ता, पण सही येत होती, आणि लिहिलेलं वाचल्याशिवाय मी सही करत नव्हतो. मार खाल्ला तो त्यापायीच.

आमचं गाव आंबवड्याच्या वरच्या अंगाला. सरकारी रानातला साग कुणीतरी तोडला आणि फौजदारानं मला उचललं. चौकीत कागद पुढं सारून म्हणाला, "अंगठा कर."

"अंगठा कशाला? सही येती मला. पर ह्यात मी साग तोडला म्हून लिवलंय. ते खोटं हाय."

"अरे वा, शास्त्रीबुवा आलेत आपल्याकडं!" सगळे शिपाई हसले. मग मला खांबाला मिठी मारायला लावून हात बांधले. ओल्या वेतानं पैरण फाटून पाठीत रुतली. शुद्ध गेली की तोंडावर पाणी मारायचे, आणि पुन्हा तोच कागद. दुसऱ्या दिवशी माझा उजवा अंगठा दाराच्या फटीत धरून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मला अजून येतो.

"आता कर सही," फौजदार म्हणाला.

मी कागदावर थुंकलो. थुंकीत दात पडला.

तिसऱ्या दिवशी साग दुसरीकडं सापडला आणि मला बाहेर ढकललं. भावकी म्हणाली, जीव वाचला, गप बस. मी गप बसणारा नव्हतो. भोरला वकील गाठून फौजदारावर फिर्याद लावली.

वकील म्हणाले, "तो म्हणतो, तुम्ही झाडावरून पडलात. दवाखान्याच्या कागदावरही त्यानं तेच लिहून घेतलंय. रक्तानं भरलेली पैरण आहे ना? तोच पुरावा. तारखेला घेऊन या."

ती मी कणगीमागं दडवली होती. आईला बोललो नव्हतो. बायकांना कोर्टातलं काय कळतं, अशी माझी समजूत.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी रानातून आलो, तर पैरण कुंपणावर वाळत होती. पांढरी स्वच्छ. घट बसायचे होते. त्याआधी आमच्यात घरातली चिंधीसुद्धा नदीवर नेऊन धुतात. वर आईनं फाटलेलं शिवलंही होतं.

माझं डोकं फिरलं. तिच्यावर हात उचलला.

ती हलली नाही. "मार. फौजदाराचं ऱ्हायलं आसंल ते तू पुरं कर."

माझा हात वरच राहिला. मोडक्या अंगठ्याचा हात. फौजदाराचाही असाच वर जायचा.

आई खाली बसली. "मला काय म्हाईत रं, तू ठेवलीय म्हून? घरात देव बसणार, रगत कसं ठेवू? तीन पाणी लाल निघालं. शिवणीत तुझ्या पाठीचं कातडं आडाकलं व्हतं. ते म्या नखानं काढलं. अकरा जागी फाटली व्हती, अकरा जागी शिवली. कुणी बी इचारू दे, बोट ठेवून दावीन."

मी कुंपणावरची पैरण काढली आणि शिवलेल्या जागा मोजल्या, अकराच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पैरण अंगात घातली, आईला पुढं घातलं आणि भोरची वाट धरली. वकिलांच्या दारात उभा राहून म्हणालो, "हिनं धुतली. आधी हिची साक्ष घ्या."