उजवी, डावी

“पाळीचं न्हाई ते. तिची तारीख मला पाठ हाय,” स्वयंपाकघरात काकू आईला सांगत होत्या. “आपेंडिस हाय. कापून टाकलं की झालं.”

पलीकडच्या खोलीत मी पोटाशी उशी धरून पडले होते. चार दिवसांनी कुरुंद्यात चुलतबहिणीचं लग्न होतं, माझा मोरपंखी घागरा शिवून आला होता, आणि इथे मला कापायचं ठरत होतं.

आमच्या घरात पाळी आली की बाजूला बसायचं. त्यामुळे प्रत्येकीची तारीख सगळ्यांना माहीत. दोन पाळ्यांच्या मधोमध दुखलं, तर ते पाळीचं कसं असेल? माझं मात्र दर महिन्याला तेव्हाच दुखायचं. एखादा दिवस, मग गायब. पाच महिने मी शाळेच्या डायरीत मागच्या पानावर दुखण्याच्या तारखा लिहीत होते. जीवशास्त्राच्या बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला धडा मी तीनदा वाचला होता. सगळं इंग्रजीत कळलं होतं. मराठीत, तेही काकूंसमोर, तोंड उघडेना.

वसमतला डॉक्टरीणबाईंकडे काकूच घेऊन गेल्या. बाई विचारत होत्या मला, उत्तरं देत होत्या काकू.

“ताप? उलटी?”

“न्हाई बाई.”

“उजवीकडेच दुखतं?”

“बराबर उजवीकडंच!”

मी डायरी काढली आणि टेबलावरून सरकवली. बाईंनी तारखा मोजल्या, प्रत्येकीपुढचं ‘उजवी’, ‘डावी’ वाचलं आणि हसल्या. तरी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफीही केली. मग म्हणाल्या, “अपेंडिक्स अशी बाजू बदलत नाही. महिन्याच्या मधोमध अंडाशयातून बीज सुटताना काही जणींना असं दुखतं, कधी इकडे, कधी तिकडे. शेक घे. खूपच वाढलं, थांबलंच नाही किंवा ताप आला, तर लगेच ये. लग्नात खुशाल नाच.”

बाहेर आल्यावर काकूंनी मला उसाचा रस पाजला. स्वतः दोन ग्लास प्यायल्या.

“अगं, मला बी असंच दुखायचं! सासूबाई म्हणायच्या, कामाच्या दिवशीच बरं दुखतंय हिचं.” त्या इतक्या हसल्या की रसवाला वळून बघायला लागला. “पण पोरी, आत काहून बोलली न्हाईस? मूग गिळून बसलीस ते?”

मी ग्लास खाली ठेवला.

“काकू, बाईंनी मलाच विचारलं होतं. तुम्ही मधे श्वास तरी घेतला का?”