न भिजवलेलं रीळ

मावशीने धाग्याचं टोक तोंडात घातलं आणि काचेपलीकडे साहेबांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थबकला.

मावशीचं म्हणणं एवढंच, की हे तिने केलं नाही, हाताने केलं. चाळीस वर्षं रफू करण्यात गेलेली. सुईचं भोक बारीक दिसलं की हात टोक उचलतो, ओठ ते ओलं करतात, मधे डोक्याला कुणी विचारत नाही. पण ही प्रयोगशाळेतली खोली निर्जंतुक. आत यायचं तर दोनदा हात धुवा, टोपी घाला, झगा घाला, मोजे घाला, मास्क लावा. आणि एवढा सगळा थाट करून या बाईने मास्क खाली ओढला आणि धाग्याला थुंकी लावली!

टेबलावर बारा नळ्या होत्या, एकेक काडेपेटीतल्या काडीएवढी. खोल जखमेत मज्जातंतू तुटला की त्याची दोन टोकं अशा नळीत समोरासमोर बसवायची. आत ओवलेल्या रेशमाला धरून तंतू वाढतो आणि दुसऱ्या टोकाला गाठतो, असा साहेबांचा बेत. रेशीम कोळ्याच्या जातीचं, पण कोळ्याने विणलेलं नव्हे. कोळी एकत्र पाळले तर एकमेकांनाच खातात. म्हणून त्यांची विद्या जंतूंना शिकवून, ते स्टीलच्या टाक्यांत वाढवून, त्यांनी बनवलेल्या मालातून यंत्राने धागा काढलेला.

"म्हणजे नाव कोळ्याचं आणि राबायचं जंतूंनी," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "आमच्या दुकानात हेच. पाटी दिराची, सुई माझी."

फाटलं की फेकून द्यायचे दिवस आले आणि ती पाटी उतरली. मग भाच्याने तिला इथे आणलं. तो टाक्या सांभाळायचा. नळीत धागे ओवणं यंत्राला जमत नव्हतं, शिकलेल्या पोरांचे हात थरथरत होते. मावशीला तासाभरात जमलं. भाचा मावशी म्हणतो म्हणून सगळेच मावशी म्हणू लागले, साहेबसुद्धा.

आज मात्र साहेब कसेबसे झगा-मास्क चढवून आत आले ते टेबलावर थाप मारतच. झग्याखालच्या कोटाचं आधीच लोंबणारं बटण त्या धक्क्याने सुटलं आणि घरंगळत मावशीच्या पायाशी आलं.

"गुरुवारी मेंढीच्या पायावर शस्त्रक्रिया आहे! बाराच्या बारा नळ्या वाया! तुम्ही उद्यापासून येऊ नका."

भाचा भिंतीकडे बघत राहिला. त्या कोऱ्या भिंतीत त्याला एकाएकी फार रस वाटू लागला होता.

मावशीने वाकून बटण उचललं. नोकरी गेली, हे तिला कळलं होतं. दुकान गेलं तसंच हेही, आणि यापुढे या हातांना कुणी बोलावणार नाही. पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. ओल्या टोकाने तिची बोटं ओढली होती.

"ओरडून झालं असेल तर एक विचारते. हा धागा भिजवून घेतलाय का?"

"अर्थात! हे रेशीम पाण्यात आखडतं, आम्हाला काय माहीत नाही? आधी भिजवतो, आखडू देतो, मगच वाळवून आत आणतो."

"आम्हीही कापड भिजवल्याशिवाय कातरीला देत नाही. पण हा भिजलेला नाही. ओढतोय."

"मावशी, गप्प बस ना गं," भाचा कुजबुजला.

"बसते की. उद्यापासून वेळच वेळ आहे."

तिने वीत-वीतभर लांबीचे दोन तुकडे कापले. एक कोरडा ठेवला, दुसरा बशीतल्या पाण्यात सोडला. तो अंग चोरू लागला. एक बोट कमी झाला, मग दोन, मग तीन. साहेब वाकले ते वाकलेलेच राहिले. मेंढीच्या अंगात हेच झालं असतं, तर जोडायला ठेवलेली टोकं या धाग्यांनीच ओढून वेगळी केली असती.

रिळावर चिठ्ठी होती, 'भिजवून वाळवलेले', आणि खाली सही. ती वाचायला साहेब चष्मा शोधू लागले. मावशीला चष्म्याशिवायही कळली, साहेबांचीच होती. भिजवलेलं रीळ कपाटात, अगदी तसल्याच डबीत, बिनचिठ्ठीचं, आरामात पडलेलं.

साहेबांनी ती डबी काढून मावशीपुढे ठेवली.

"गुरुवारपर्यंत बारा होतील?" साहेबांनी विचारलं.

"उद्यापासून येऊ नका म्हणालात."

"आज विचारतोय."

"दहा होतील. बारा म्हणणारी थाप मारेल."

अकरा झाल्या. भाच्याने सुई ओवायची तार आणून दिली, ती मावशीने नाक मुरडून घेतली आणि मुकाट्याने वापरली. गुरुवारी नळी बसली. पाच महिन्यांनी ती मेंढी चारही पाय टेकून चालली आणि पहिली लाथ तिने साहेबांना मारली. मावशीच्या मते पायात जीव आल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता मावशीने टोक ओलं करून, ओढून पाहिल्याशिवाय एकही रीळ आत जात नाही. ओलं पाण्याने, थुंकीने नव्हे, असं दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय. साहेबांनी तिला उंच खुर्ची दिली, नवा दिवा दिला, पाहुण्यांपुढे तिची ओळख करून दिली. "माझं चुकलं" एवढं मात्र अजून म्हटलेलं नाही.

बटण मावशीच्या सुयांच्या डबीत आहे. "लावून टाक ना, दोन टाक्यांचं तर काम," भाचा म्हणतो.

"त्यांचे दोन शब्द येऊ देत," मावशी म्हणते आणि पुढची नळी उचलते. काचेपलीकडून साहेब जातात, एका हाताने कोट धरून.