बारा फळ्यांवरचा गिलावा

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर हातात गवंड्याची थापी धरली. पेन धरलं ते हजेरीवर सही करण्यापुरतं. पण सुनेबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ती स्वतः लिहिणार नाही, म्हणून हा खटाटोप. जमेल तसं सांगतो.

सूनबाई शाळेत चित्रकला शिकवते. तिची तऱ्हा न्यारी. पहिल्या दिवशी ती मुलांना रंग देतच नाही. डोळ्यांवर रुमाल बांधते आणि हातात एकेक वस्तू देते: विटेचा तुकडा, कांद्याची साल, झिजलेला साबण. म्हणते, आधी बोटांनी बघा. वस्तूचा पोत डोळ्यांना अर्धाच कळतो. घरीही तेच. भाजी चिरता चिरता मला भोपळ्याची साल चाचपायला लावते.

एका वर्षी मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं की चित्रकलेचा हा चिकटवाचिकटवीचा तास बंद, तो गणिताला द्यायचा. सूनबाईने शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मुलांचं काम एकदा बघा आणि मग ठरवा, इतकंच म्हणाली.

मुलांनी बारा लाकडी फळ्या घेतल्या. त्यांवर गोणपाट, भुसा, अंड्याची टरफलं, चुरगळलेला कागद, दोऱ्यांची भेंडोळी असं काय काय चिकटवलं. सगळ्यांवर एकच पांढरा हात मारायचा होता, म्हणजे रंगाकडे लक्ष न जाता पोत उठून दिसेल. शुक्रवारी सूनबाईला सकाळचे वर्ग होते, म्हणून मला शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत बसवून ते काम तिने माझ्यावर सोपवलं. "बाबा, फक्त पांढरं करा," म्हणाली.

आता गवंड्याला पांढरं कर म्हटलं तर तो काय करणार? फळ्यांवरून हात फिरवून बघितला. उद्या साहेब बघायला येणार आणि हा असा खडबडाट! पोरांच्या हातून राहून गेलं असेल, म्हटलं आपण सावरू. चुन्याचा गिलावा कालवला, बोटभर जाड थर दिला आणि घोटून घोटून बाराही फळ्या आरशासारख्या केल्या. वर स्वतःवरच खूश झालो.

सूनबाई मुलांना घेऊन आली ती दारातच थबकली. सगळे जिला टुणटुणी म्हणतात ती मुलगी जवळ येऊन निरखू लागली. "बाई, आजोबांनी सगळं बुजवलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड कुठे लपवू असं झालं. खरवडून काढतो म्हणालो, तर खालचं गोणपाटही गिलाव्याबरोबर सुटून यायला लागलं. सूनबाई मटकन खाली बसली. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

मग तिने गिलाव्यात बोट खुपसून पाहिलं. "ओलाय अजून. पळा रे, हाताला लागेल ते आणा."

पोरं सुसाट सुटली. कंगवे, गाळणी, किल्ल्यांचा जुडगा, दोरखंड, बुटांचे तळवे, सायकलचं टायर, सगळं त्या ओल्या गिलाव्यात दाबू लागली. दाबलेली वस्तू ओढायची नाही, सरळ वर उचलायची, नाहीतर ठसा फाटतो. हे मी त्यांना दाखवलं. तेवढं तरी माझ्या हाती होतं. मधे मधे सूनबाईने गिलाव्यात छोट्या खिडक्या कापल्या, त्यातून खालची टरफलं आणि भुसा डोकावू लागला.

शनिवारी मुख्याध्यापक आले. सूनबाईने त्यांच्यापुढे रुमाल धरला. ते नाखुशीनेच डोळे बांधून घ्यायला तयार झाले. पहिल्या तीन फळ्या त्यांनी झटपट उरकल्या. चौथीवर हात मंदावला. नवव्या फळीवर तो थांबलाच.

"नांगरलेलं रान आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"पायपुसणं आहे, सर," टुणटुणी म्हणाली. "तुमच्याच ऑफिसचं."

मी जमिनीकडे बघत राहिलो. मुख्याध्यापकांनी पुन्हा एकदा त्या रेघांवरून बोटं फिरवली, सावकाश, पार शेवटपर्यंत.

"तास राहील," ते म्हणाले. "गणिताचं मी बघतो काहीतरी."

रुमाल अजून डोळ्यांवरच होता. पुढची फळी कुठे आहे म्हणून ते हवेत चाचपत होते. टुणटुणीने त्यांचं मनगट धरलं आणि हात दहाव्या फळीवर नेऊन टेकवला.